शेवाळाचं गणित (५) : पाण्याची चाल

१९९१च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियातली बार्वन-डार्लिंग नदी जवळजवळ १००० किलोमीटरपर्यंत हिरवी पडली. न्यू साउथ वेल्स सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली. हा प्रताप होता ॲनाबिना नावाच्या विषारी नील-हरित शेवाळाचा.

गेल्या आठवड्यात आपण तळ्यातल्या शेवाळाच्या वाढीचं गणिती प्रारूप पाहिलं. ते उचलून नदीला लावलं की फसतं. तळ्यातलं पाणी मुक्कामी असतं, नदीतलं वाटसरू.

म्हणून संगणकात नदीची ओळीने खोकी पाडतात आणि प्रत्येक खोक्याचा जमाखर्च मांडतात : वरून किती आलं, खाली किती गेलं, आतल्या आत किती वाढलं, किती मेलं. समजा, शेवाळ दोन दिवसांत दुप्पट होतं. पाणी बंधाऱ्यामागे चार दिवस थांबलं तर ते चौपट होईल. वीस दिवस थांबलं तर हजारपट. खत तेवढंच, ऊनही तेवढंच.

पण डार्लिंगमध्ये ॲनाबिनाच का माजली, हे कोडं एवढ्याने सुटत नाही. बादलीत विसण घालून ढवळायचं राहिलं की वर चटका बसतो आणि तळाशी हात गार पडतो. मंदावलेल्या नदीचं उन्हाळ्यात तेच होतं : वर गरम, खाली गार असे थर पडतात. डार्लिंगचं पाणी मातकट, उजेड फार खोल पोचत नाही. अशा वेळी बाकीची बरीचशी शेवाळं जड असल्याने अंधारात बुडतात. ॲनाबिनाच्या पेशींत मात्र वायूच्या बारीक पोकळ्या असतात. ती तरंगत वर येते आणि सगळं ऊन एकटी खाते. त्यामुळे खोकी नुसती ओळीने मांडून भागत नाही, एकावर एकही रचावी लागतात.

हे थर मोडायला प्रवाह किती हवा? २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डार्लिंगसारख्या मातकट नद्यांसाठी उत्तर निघालं : सेकंदाला सुमारे ५ सेंटिमीटर. म्हणजे दिवसाला सव्वाचार किलोमीटर. आपण तासाभरात रमतगमत चालतो तेवढंच! मला वीस गुणांक पिळून जुन्या नोंदींशी जुळवलेल्या प्रारूपापेक्षा असा एक आकडा जास्त भावतो. धरणाच्या दारावर उभ्या असलेल्या माणसाला तो वापरता येतो. अर्थात दार उघडायचं तर पाणी कोणाच्या वाट्यातून सोडायचं, हे प्रारूप सांगत नाही. वरच्या अंगाला कापसाची शेती आहे.

प्रारूप पडताळायला पाण्याचे नमुने लागतात, पण त्या तपासणीतही गोम आहे. वाऱ्याने शेवाळाची तरंगती साय एका काठाला लोटली की एकाच दुपारी या काठाची बादली हिरवीगार आणि समोरच्या काठाची जवळपास स्वच्छ. संगणकाला खरी कुठली सांगायची?

आणि ढवळलं म्हणजे सुटलो, असंही नाही. २०१८-१९च्या उन्हाळ्यात याच नदीवर मेनिंडीजवळ हवा एकदम गार झाली, थर मोडले, तळाचं प्राणवायू संपलेलं पाणी वर मिसळलं आणि लाखो मासे मेले. त्या प्राणवायूचा हिशेब पुढच्या आठवड्यात.