पाचशे ग्रॅम काळी वाळू

सकाळी ७:३०. डिसेंबरात कॅनडातल्या एडमंटनला सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो, त्यामुळे प्रयोगशाळा उघडायची ती अंधारातच. फोर्ट मॅकमरीच्या खाणीतली तैलवाळू इथे गोठवून ठेवतात. उघडी राहिली की तिला हवा लागते आणि मग डांबर सहजी सुटत नाही.

८:१५. वजन : ५०० ग्रॅम. आजची वाळू मातकट आहे, डांबर जेमतेम ८ टक्के. बारा टक्क्यांची वाळू कशीही धुतली तरी नव्वद टक्के डांबर पदरात पडतं. तिच्यावर नवी पद्धत पारखण्यात मला अर्थ वाटत नाही.

९:००. पाणी ५० अंशांवर आलं. कार्ल क्लार्कने गरम पाण्याची ही रीत याच शहरातल्या विद्यापीठात १९२०च्या दशकात बसवली. तिच्यावर उभा राहिलेला पहिला मोठा कारखाना १९६७ साली सुरू झाला. क्लार्क आदल्या डिसेंबरातच गेला होता. तेव्हा पाणी ८० अंशांच्या आसपास तापवत. पुढे वाळू पट्ट्यावरून नेण्याऐवजी पाण्यात कालवून पाइपातून पाठवू लागले. वाटेतच ती घुसळली जाते, म्हणून कमी उष्णता पुरते आणि तेवढा गॅस वाचतो.

९:२०. ढवळणं सुरू, खालून हवा. डांबर जवळपास पाण्याइतकंच जड. बुडबुडा चिकटला नाही तर थेंब मध्येच लोंबकळतो. कॉस्टिक सोड्यामुळे डांबरातल्याच आम्लांचा साबण होतो आणि वाळूचा कण मोकळा होतो. पण सोडा म्हणजे आमटीतलं मीठ. थोडा जास्त पडला की चिकणमातीचे कण सुटे होऊन पाण्यात तरंगत राहतात. कालच्यापेक्षा आज निम्माच घातला आहे.

१०:००. फेस खरवडून घेतला. कारखान्यातल्या चांगल्या फेसात साधारण ६० टक्के डांबर, ३० टक्के पाणी, १० टक्के माती-वाळू असते. हा करडा दिसतोय, म्हणजे माती बरीच वर आली.

११:००. फेस उकळत्या टोल्युइनवर चढवला. आता पाणी एका नळीत साठेल, डांबर टोल्युइनमध्ये विरघळेल, माती कागदी नळकांड्यात उरेल. याला तासन्‌तास लागतात. डबा खायला दुसऱ्या मजल्यावर.

दुपारी १:३०. उरलेलं गढूळ पाणी उंच काचपात्रात ओतलं. खाणीकाठच्या तळ्यांत हीच बारीक माती दाट गाळ होऊन दशकानुदशकं अडकून राहते. आमच्या तक्त्यात पहिला रकाना हाती आलेल्या डांबराचा, गाळाचा शेवटचा. माझ्या हाती असतं तर मी ते उलटे लावले असते.

३:००. शेजारच्या खोलीत पाणी अजिबात न वापरता सायक्लोहेक्झेनने वाळू धुताहेत. तळ्यांचा प्रश्नच नको. मात्र वाळूत अडकलेला द्रावक जवळजवळ सगळा परत मिळवावा लागतो, आणि चिकणमाती तोही सोडत नाही.

४:३०. आकडे आले. डांबर कालच्यापेक्षा थोडं कमी. पण काचपात्रात वर बोटभर नितळ पाणी दिसतंय, काल तेही नव्हतं. उद्या सोडा इतकाच ठेवून हवा वाढवायची.