टोलनाक्यावरील रांगेचे गणित
टोलनाक्यावरील रांग केवळ वाहने वाढल्यामुळे लागते, हा समज अपुरा आहे. वाहने घोळक्याने येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळ सारखा नसतो, हे तिचे खरे मूळ होय. मार्गिकेत वाहनामागे सरासरी १० सेकंद लागत असतील, तर तिची क्षमता तासाला ३६० वाहनांची ठरते. परंतु आगमन व सेवाकाळ दोन्ही पूर्णतः अनियमित धरले, तर तासाला ३०० वाहने असताना रांगेतील सरासरी प्रतीक्षा ५० सेकंद, आणि ३४० असताना तब्बल १७० सेकंद भरते. न्यूयॉर्क पोर्ट ऑथॉरिटीतील लेस्ली एडी यांनी १९५४ मध्ये अशाच संभाव्यतेच्या आधारे कोणत्या वेळी किती खिडक्या उघडाव्यात हे दाखवले.

तथापि चालक ऐनवेळी मार्गिका बदलतो, ट्रक सावकाश वेग घेतो, आणि नाक्यापलीकडे अनेक मार्गिकांतली वाहने मोजक्या मार्गिकांत शिरताना नवी कोंडी होते, हे सूत्रात मावत नाही. संगणकीय प्रतिरूपणात, म्हणजेच सिम्युलेशनमध्ये, प्रत्येक वाहन स्वतंत्र घटक मानून त्याचा वेग, पुढील वाहनापासूनचे अंतर व मार्गिकेची निवड क्षणोक्षणी मोजली जाते, आणि एकच दिवस वेगवेगळ्या आगमनक्रमांनी असंख्य वेळा चालवून पाहता येतो. रस्ता न खोदता आराखड्याची परीक्षा होते, हे त्याचे मोठे मोल.

भारतात २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाल्यावर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने वाहनामागे १० सेकंद व रांगेसाठी १०० मीटर अशी मर्यादा घातली. मात्र टॅगमध्ये पैसे नसलेले एकच वाहन मार्गिका अडवू शकते, म्हणून अशा अपवादांचे प्रत्यक्ष मोजलेले प्रमाण प्रतिरूपात घालणे अत्यावश्यक ठरते.