परक्या कॅम्पसवर आपले वायफाय

पाहुणे म्हणून दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या संशोधकाला नेट मिळवण्यासाठी काय काय करावे लागते, हे त्या वाटेने गेलेल्यांना चांगले ठाऊक आहे. संगणक केंद्राचा फॉर्म, त्यावर विभागप्रमुखांची सही, ओळखपत्राची झेरॉक्स, लॅपटॉपचा मॅक ॲड्रेस आणि मग चार दिवसांपुरता पासवर्ड. दोन दिवसांच्या परिसंवादातला पहिला दिवस यातच जातो. हा सगळा खटाटोप अनावश्यक आहे, हे सिद्ध करून दाखवणारी एक व्यवस्था वीस वर्षांहून अधिक काळ जगभर चालू आहे. तिचे नाव एज्युरोम.

तिची कल्पना मांडली नेदरलँड्समधल्या क्लास विरेंगा यांनी, २००२ साली. ते तेव्हा सर्फनेट या डच विद्यापीठांच्या नेटवर्कमध्ये काम करत होते. त्यांनी नवे यंत्र बनवले नाही. हाताशी असलेल्या दोन गोष्टी जोडल्या. एक होती रेडियस. फोन-मोडेमवरून येणाऱ्या ग्राहकांची ओळख तपासण्यासाठी १९९१ मध्ये तयार झालेली ही पद्धत. दुसरी ८०२.१एक्स, म्हणजे ओळख पटेपर्यंत नेटवर्कचे दार बंद ठेवणारे मानक. नेदरलँड्स, जर्मनी, फिनलंड, पोर्तुगाल, क्रोएशिया आणि ब्रिटन इथल्या संस्था आधी सामील झाल्या, २००४ च्या अखेरीस ऑस्ट्रेलिया आला. आज शंभरावर देश-प्रदेशांत ही सेवा मिळते. काही ठिकाणी तर ग्रंथालयांत आणि विमानतळांवरही.

पुण्यातल्या एखाद्या सदस्य कॉलेजची विद्यार्थिनी डेल्फ्टच्या विद्यापीठात पोचली असे समजू. बॅगेतला लॅपटॉप उघडताच तो एज्युरोम नावाचे वायफाय ओळखतो आणि आपले नाव सांगतो. हे नाव ई-मेलच्या पत्त्यासारखे असते. डेल्फ्टचा सर्व्हर त्यातला फक्त @ नंतरचा भाग वाचतो. तो आपला नाही, एवढे कळले की विचारणा नेदरलँड्सच्या राष्ट्रीय सर्व्हरकडे जाते. शेवटी ‘.in’ दिसल्यावर ती आणखी वर, खंडांना जोडणाऱ्या सर्व्हरांकडे, तिथून भारताच्या सर्व्हरवर आणि अखेर पुण्याच्या कॉलेजात येऊन थांबते. मग विद्यार्थिनीचा लॅपटॉप आणि तिच्या कॉलेजचा सर्व्हर यांच्यात एक कूटबद्ध बोगदा तयार होतो. पासवर्ड त्या बोगद्यातून जातो. मधल्या एकाही सर्व्हरला तो वाचता येत नाही, डेल्फ्टलाही नाही. कॉलेज ‘ही आमचीच’ असे कळवते, उत्तर त्याच वाटेने परत जाते आणि दार उघडते. एवढ्या फेऱ्या होतात, पण सगळे सुरळीत असेल तर त्याला काही सेकंदच लागतात.

आपल्याकडे पूर्वी हुंडी अशीच चाले. पुण्याच्या पेढीने लिहून दिलेली हुंडी काशीच्या पेढीवर वटे. काशीचा सावकार यात्रेकरूला ओळखत नसे, पुण्याच्या पेढीला ओळखत असे. एज्युरोमचा सारा डोलारा याच विश्वासावर उभा आहे. पाहुण्याची जबाबदारी त्याची मूळ संस्था घेते आणि यजमान कुणाकडून पैसे घेत नाही. मला या व्यवस्थेतले सर्वांत मोलाचे काही वाटत असेल, तर हेच. तंत्र साधे आहे. हजारो संस्थांनी एकमेकींचा शब्द मानायचे ठरवले, ते काम कठीण होते.

मॅक ॲड्रेस नोंदवून घेण्याची आपल्या अनेक होस्टेलांतली पद्धत याच्या अगदी उलट आहे. ती माणसाला नव्हे, यंत्राला ओळखते. शिवाय यंत्राचा हा ओळख-आकडा बदलून सांगता येतो, आणि खासगीपण जपण्यासाठी आता फोन स्वतःच प्रत्येक वायफायला वेगळा मॅक ॲड्रेस दाखवतात. त्यामुळे नोंदवलेला फोनही अनोळखी ठरतो आणि मुले संगणक केंद्राच्या खिडकीशी पुन्हा रांग लावतात. ही पद्धत आता मोडीत काढायला हवी.

भारतात एज्युरोमचा कारभार अर्नेट, म्हणजे शिक्षण आणि संशोधन संस्थांना जोडणारे नेटवर्क चालवणारी संस्था, पाहते. तिचा महाराष्ट्राशी जुना संबंध आहे. १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने हा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा त्यात आठ संस्था होत्या: पाच आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था, दिल्लीतला इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी. देशातल्या ई-मेलची सुरुवातीची देवाणघेवाण जुहूचे हे केंद्र आणि पवईची आयआयटी यांच्या दरम्यान, साध्या फोनवरून झाली. श्रीनिवासन रमाणी यांच्या नेतृत्वाखाली एनसीएसटीने १९८९ मध्ये अमेरिकेशी थेट लाइन जोडली. तिचा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट होता. सर्वसामान्यांना व्हीएसएनएलचे इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ ला. मधल्या वर्षांत या देशात इंटरनेट म्हणजे मुख्यतः शिक्षणसंस्थांचे नेटवर्क होते. पुण्यात ते आयुका या खगोलविज्ञान केंद्रात पोचले होते. ज्या राज्यातून ही वाट निघाली, तिथल्या प्रत्येक विद्यापीठाने आणि जमेल त्या प्रत्येक कॉलेजने एज्युरोममध्ये असायला हवे. नवीन केबल टाकावी लागत नाही. एक रेडियस सर्व्हर, वापरकर्त्यांची नीट ठेवलेली यादी आणि तो सांभाळणारा जाणकार माणूस लागतो.

वापरणाऱ्यांसाठी काही गोष्टी. आपली संस्था सदस्य असेल तर सगळी जोडणी निघण्यापूर्वी, आपल्याच कॅम्पसवर करून पाहा. परदेशी पोचल्यावर जोडणीसाठी लागणारी फाइल उतरवायलाच नेट नसते. युजरनेम @ सकट पूर्ण लिहा. नुसत्या नावावर घरच्या कॅम्पसवर काम भागू शकते, बाहेर विचारणा कुठे पाठवायची हेच सर्व्हरला कळत नाही. सेटिंग हाताने भरण्यापेक्षा गेटएज्युरोम हे ॲप वापरा. समोरचा सर्व्हर खरोखर आपल्या कॉलेजचाच आहे ना, हे फोनने प्रमाणपत्रावरून पडताळण्याची सोय त्यात होते. एज्युरोम हे नाव कुणीही आपल्या राउटरला देऊ शकतो, म्हणून ही पडताळणी कधीही बंद करू नका. आपल्या कॉलेजने घेतलेली जर्नल्स मात्र परक्या वायफायवर आपोआप उघडणार नाहीत. त्यासाठी कॉलेजचे व्हीपीएन लागेल. पासवर्ड चालेना, तर यजमानांकडे जाऊ नका. तो त्यांच्याकडे नसतोच, आपल्या संगणक केंद्राला फोन करा.

आणि आपली संस्था अजून सदस्य नसेल, तर पुढच्या बैठकीत प्राचार्यांना किंवा संगणक केंद्राच्या प्रमुखांना हा विषय घ्यायला सांगा. अर्ज अर्नेटकडे करायचा असतो.