एकट्याने डोलकाठी उभी करायची तर

कोकण किनाऱ्यावरील आमच्या एका वाचकाने गेल्या हंगामात जुनी हॉबी १६ जातीची कॅटमरान विकत घेतली. पर्यटकांना शिडाच्या होडीतून फिरवून आणायचे, असा त्यांचा बेत आहे. होडी चांगली मिळाली, शिडे बरी आहेत. पण त्यांची तक्रार वेगळीच आहे. ते लिहितात, "होडी मी एकटा चालवू शकतो, परंतु डोलकाठी उभी करण्यासाठी रोज कोणाला तरी हाक मारावी लागते. अर्ध्या तासाच्या कामासाठी दिवसाची मजुरी द्यायची का?" प्रश्न छोटा दिसतो, पण या धंद्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला तो पडतो. म्हणून त्याचे उत्तर थोडे सविस्तर देत आहोत.

प्रथम या होडीविषयी दोन शब्द. कॅटमरान हा शब्द मूळचा तमिळ, कट्टुमरम, म्हणजे बांधलेली लाकडे. इंग्रजीने तो उचलला आणि पुढे दोन होडकी आडव्या दांड्यांनी जोडलेल्या होडीला तो चिकटला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील हॉबी आल्टर (१९३३-२०१४) हे गृहस्थ मुळात लाटांवर स्वार होण्याच्या फळ्या बनवणारे कारागीर. १९५४ मध्ये त्यांनी डेना पॉइंट येथे दुकान थाटले. १९६८ मध्ये त्यांनी १४ फुटी कॅटमरान बाजारात आणली आणि तिच्यामागोमाग हॉबी १६. धक्का नको, बंदर नको, वाळूवरून ढकलली की चालू लागली, हे तिचे वैशिष्ट्य. वजन सुमारे १४५ किलो. आजवर अशा एक लाखाहून अधिक होड्या बनल्या. एका कारागिराने ग्राहकाची अडचण ओळखून केलेला हा व्यापार आहे, हे आमच्या उद्योजक बंधूंनी ध्यानात घ्यावे.

परंतु होडी हलकी असली तरी डोलकाठी सुमारे ८ मीटर लांब आहे. सारी अडचण या लांबीची आहे. तारांसह तिचे वजन हिशेबापुरते २० किलो धरू. वजनाचा मध्य बुंध्यापासून ४ मीटरवर. बुंधा खिळीत अडकवून, बुंध्यापासून २ मीटरवर हात लावून ती उचलायची तर हातावर २० नव्हे, ४० किलो भार येतो. तोही डोक्याच्या वर, आणि पाय कुठे? दोन होडक्यांमध्ये ताणलेल्या, पावलागणिक दबणाऱ्या कापडावर. तरणाबांड माणूस हे करतो, नाही असे नाही. पण त्याचे दोन्ही हात अडकलेले असतात आणि पुढची तार कडीत अडकवायला तिसरा हात हवा असतो. नेमका येथेच घात होतो.

मग पुढे उभे राहून दोरीने ओढली तर? डोलकाठी मागे आडवी पडलेली असताना पुढून ओढलेली दोरी तिला उचलत नाही, नुसती बुंध्याकडे दाबते. कितीही जोर लावा, काठी जागची हलत नाही. दोरीला उंचीवरून कोन मिळाला पाहिजे. त्यासाठी बुंध्यापाशी सुमारे २ मीटरचा एक मजबूत खांब उभा करावा. गोऱ्या खलाशांच्या भाषेत त्याला जिन पोल म्हणतात. साधा जाड नळही चालतो, मात्र त्याचा बुंधा सरकता कामा नये. जिबचे शीड चढवण्याची दोरी डोलकाठीवरून या खांबाच्या टोकाला पक्की बांधावी आणि टोकापासून होडीच्या नाळेपर्यंत कप्प्यांचा संच लावावा. हा संच विकत घ्यायला नको. मुख्य शिडाच्या दोरीचा जो संच होडीवर असतो, तोच येथे कामाला येतो. खांब जसजसा पुढे झुकतो, तशी काठी मागून वर येते.

आता हिशेब पाहा. नाळ बुंध्यापासून २ मीटर पुढे धरली, तर सुरुवातीला खांबाच्या टोकावर ओढ येते सुमारे ५७ किलोची. पाचपट कप्प्यांनी ती ११-१२ किलोवर येते. घर्षणाचे आणखी काही धरा. म्हणजे विहिरीतून भरली बादली ओढण्याइतके काम. काठी वर जाईल तसे तेही कमी होत जाते.

आमच्या मते या युक्तीचा खरा फायदा जोर वाचण्यात नाही. कप्पीला दोरी पकडून ठेवणारे दात असतात, त्यामुळे अर्ध्यावर थांबता येते. दोरी अडकवावी, होडीभोवती एक फेरी मारावी, एखादी तार कुठे गुंतली आहे का ते पाहावे आणि पुन्हा ओढावे. दुसरा माणूस लागतो तो बहुधा डोळ्यांसाठीच.

एक धोका मात्र राहतो. बाजूच्या दोन तारा बुंध्याच्या थोड्या मागे बांधलेल्या असतात, म्हणून काठी खाली असताना त्या ढिल्या असतात. अशा वेळी काठी डावीकडे किंवा उजवीकडे कलंडू शकते. उपाय म्हणजे दोन जास्तीच्या दोऱ्या. त्या काठीच्या छातीएवढ्या उंचीपासून दोन्ही होडक्यांवर, बरोबर बुंध्याच्या रेषेत बांधाव्यात; पुढे-मागे बांधल्या तर काठी वर येताना त्या ताणतील किंवा सुटतील. खांबालाही अशाच दोन दोऱ्या हव्यात. बाजूने वारा असेल तर काम हाती घेऊ नये. होडी गाडीवर असेल तर चाकांना दगड लावावेत. काठी उभी झाली, पुढची तार अडकली, खिट्ट्या तपासल्या की बुंध्याची खीळ काढून घ्यावी, कारण या होडीची डोलकाठी वाऱ्याबरोबर फिरावी लागते.

हे सर्व करण्याआधी एक गोष्ट, जी आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली आहे. वर पाहा. रस्ता ओलांडणाऱ्या ११ केव्ही विजेच्या तारेची जमिनीपासून किमान उंची १९५६ च्या नियमांत ६.१ मीटर होती, २०१० च्या नियमावलीतही तीच होती. आपली काठी होडीवर उभी राहिली की टोक ८ मीटरच्याही वर जाते. अमेरिकेत ॲल्युमिनियमच्या डोलकाठ्या विजेच्या तारांना लागून माणसे दगावली, कंपनीवर खटले झाले. होडीचा कारखाना १९७६ पासून कोलमन कंपनीकडे होता. अखेर १९८० च्या दशकात तेथील डोलकाठीचा वरचा भाग फायबरचा केला गेला. परंतु खालचा भाग ॲल्युमिनियमचाच आहे, ताणाच्या तारा पोलादी आहेत आणि इतर देशांत पूर्ण ॲल्युमिनियमच्या काठ्याही आहेत. जुनी होडी घेणाऱ्याने आपली कोणती, हे बोटाने वाजवून पाहावे आणि फायबरची निघाली तरी तारेपासून दूरच राहावे. दोन माणसे असली की एक सहज वर पाहतो. एकटा माणूस दोरीकडे पाहत असतो.

आमच्या वाचकाची होडी रस्त्यालगत नारळाच्या झाडाखाली उभी असते, असे त्यांच्या पत्रावरून दिसते. तेथे काठी उभारू नये. आधी होडी वाळूवर मोकळ्या जागी न्यावी, मग खांब लावावा. महाराष्ट्रात असा व्यवसाय करण्यासाठी मेरीटाइम बोर्डाची परवानगी लागते, ती काढलेली नसेल तर पर्यटक बसवण्याआधी काढावी.

उतरवताना हाच क्रम उलटा. पुढची तार सोडण्याआधी कप्प्यांची दोरी ताणून अडकवलेली असावी, नाहीतर काठी थेट मागे कोसळेल. पावसाळ्यापूर्वी शेवटची उतरवाल तेव्हा चारही जास्तीच्या दोऱ्या मापाच्या कापून, खुणा करून खांबालाच गुंडाळून ठेवाव्यात.