लेकीच्या पुस्तकातली आई

आठवीतली आमची लेक गेले आठ दिवस एका इंग्रजी कादंबरीत डोकं खुपसून बसली होती. ‘द हंगर गेम्स’, लेखिका सुझान कॉलिन्स, साल २००८. त्यात मुलंच मुलांना मारतात हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. शेवटी दुपारची आवराआवर झाल्यावर मीच ती वाचायला घेतली.

गोष्ट भविष्यातल्या पॅनेम देशाची. लॅटिनमध्ये पॅनेम म्हणजे भाकरी! एक श्रीमंत राजधानी आणि तिच्यासाठी राबणारे बारा जिल्हे. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून १२ ते १८ वर्षांचा एक मुलगा नि एक मुलगी चिठ्ठी काढून निवडायची. चोवीस जणांतून एकच उरेपर्यंत त्यांनी लढायचं आणि साऱ्या देशानं ते टीव्हीवर बघायचं. धाकट्या प्रिमची चिठ्ठी निघते, तेव्हा सोळा वर्षांची कॅटनिस तिच्याऐवजी पुढे होते.

पण मला धस्स झालं ते निराळ्याच गोष्टीनं. गरिबाच्या पोराला वर्षाचं थोडं धान्य-तेल मिळतं. बदल्यात चिठ्ठ्यांत त्याचं नाव आणखी एकदा घालायचं. कॅटनिसच्या नावाच्या अशा वीस चिठ्ठ्या झालेल्या.

हे मी सासूबाईंना सांगितलं. त्यांचं माहेर पारनेर तालुक्यातलं. १९७२ च्या दुष्काळात त्या नऊ वर्षांच्या होत्या. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची, घरात लाल मिलोची भाकरी. त्या म्हणाल्या, “हाताला काम दिलं म्हणून तगलो. त्याच्या जागी पोरीचं नाव मागितलं असतं, तर...” पुढे बोलल्याच नाहीत.

कॅटनिस अकरा वर्षांची असताना वडील खाणीतल्या स्फोटात गेले. आई नुसती बसून राहिली. ना चूल, ना बोलणं. मुली उपाशी. बेकरीवाल्याच्या पीटानं मुद्दाम पाव करपवले, आईचा मार खाल्ला आणि ते पाव कॅटनिसकडे टाकले. पुढे लेकच शिकार करून घर चालवू लागली. आई सावरली, लोकांचं औषधपाणी करू लागली. पण लेकीच्या मनातली अढी काही जाईना. मरणाच्या खेळाला निघतानाही ती आईला बजावते, पुन्हा तशी बसू नकोस.

“कसली गं आई ही!” माझी लेक म्हणाली. मग हळूच, “तूपण अशीच झाली होतीस ना, बाळ झालं तेव्हा?”

माझं लाटणं थांबलं. धाकट्याच्या वेळी तीन-चार महिने मी भिंतीकडे तोंड करून पडून असे. मुलगा झाला, मग हिला दुःख कसलं, असं बायका म्हणत. लेक तेव्हा सहा वर्षांची, स्वतःची वेणी स्वतः घालून शाळेत जायची. तिला काही आठवत नसेल, असं मी धरून चालले होते. तो आजार होता, औषधानं बरा झाला, हे मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

२०१० सालच्या तिसऱ्या भागात कॅटनिस स्वतःच अशी कोसळते. का, ते इथे सांगत नाही.

मैत्रिणींनो, मुलांच्या हातातलं पुस्तक काढून घेण्याआधी एकदा वाचून पाहा. आपल्याला जे विचारायचं त्यांना धाडस होत नाही, ते कधीकधी त्यात सापडतं.

लेकीनं काल तिसरा भाग संपवला. रात्री उशी घेऊन माझ्याजवळ निजायला आली.