चालतोय म्हणजे ठणठणीत? रोबोटिक आर्मच्या बिघाडाविषयीचे गैरसमज

शेगावचं श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ साली सुरू झालं. तिथून, चिखली-मलकापूरच्या महाविद्यालयांतून आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या आयटीआयमधून शिकलेली मुलं वाळूज, चाकणच्या कारखान्यांत जातात, तेव्हा त्यांची गाठ सहा सांध्यांच्या रोबोटिक आर्मशी पडते. वेल्डिंग करणारा, नट आवळणारा, पेट्या रचणारा हा हात बिघडू लागला आहे का, यावर पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर रचणं हे आता स्वतंत्र काम झालं आहे. त्याविषयीचे गैरसमज मात्र कॉलेजच्या प्रोजेक्टपासूनच सुरू होतात.

पहिला समज असा, की हात चालतोय तोवर तो ठीक आहे आणि थांबला की बिघडला. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. प्रत्येक सांध्यात एक मोटर, तिचा कोन मोजणारा एन्कोडर, एक ब्रेक आणि वेग कमी करून जोर वाढवणारा गिअर असतो. लहान सांध्यांत बहुधा हार्मोनिक ड्राइव्ह वापरतात. अमेरिकी संशोधक वॉल्टन मसर यांनी १९५०च्या दशकात शोधलेल्या या रचनेत पोलादाची पातळ वाटी सतत किंचित वाकत फिरते. ती एका दिवसात तुटत नाही. दात झिजतात, ग्रीसमध्ये धातूचा कीस उतरतो, सांध्यात ढिलाई येते. हात चालूच राहतो, फक्त वेल्डिंगचा टाका जागेवरून थोडा सरकतो आणि त्याच हालचालीला मोटर जास्त करंट ओढू लागते. झीज सुरू होण्यापासून हात बंद पडण्यापर्यंत कित्येक आठवडे किंवा महिने जाऊ शकतात. सॉफ्टवेअरचं खरं काम या मधल्या काळात आहे. बंद पडल्यावर सायरन वाजवायला सॉफ्टवेअर लागत नाही. तेव्हा शॉपमधल्या सगळ्यांना कळलेलंच असतं.

मग सोपा उपाय सुचतो: करंटची एक मर्यादा ठरवा, ती ओलांडली की लाल दिवा. इथं बहुतेकांचं गणित चुकतं. हात सरळ लांब पसरलेला असताना खांद्याच्या मोटरला जितका जोर लागतो, तितका तो दुमडलेला असताना लागत नाही. म्हणजे एकच आकडा एका स्थितीत निरोगी आणि दुसऱ्या स्थितीत आजारी ठरतो. म्हणून या क्षणाला या कोनात, या वेगानं, हे वजन उचलताना किती जोर लागायला हवा, हे सॉफ्टवेअर आधी गणितानं काढतं आणि प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून पाहतं. पाहायचा असतो तो दोन्हींमधला फरक.

त्या फरकावरही हवामानाचा परिणाम होतो. बुलढाणा जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. घाटावरचं बुलढाणा शहर अजिंठ्याच्या रांगेवर, तुलनेनं थंड. घाटाखालचे मलकापूर, नांदुरा, शेगाव पूर्णेच्या खोऱ्यात, उन्हाळ्यात तापणारे. गार ग्रीस घट्ट असतं, त्यामुळे जानेवारीतल्या सकाळच्या पहिल्या फेऱ्यांना मोटर जास्त करंट घेते. तासाभरात सांधा गरम झाला की करंट उतरतो. मे महिन्यात ठरवलेली मर्यादा जानेवारीत रोज सकाळी खोटी ओरड करील. जानेवारीतल्या गार सांध्यावर बेतलेली मर्यादा मे महिन्यात खरी झीज झाकून टाकील. सांध्याचं तापमान हिशेबात न घेणारी पाळत म्हणूनच अर्धवट ठरते.

खोट्या ओरडीचं गणित तर पाटीवर मांडून पाहण्यासारखं आहे. मोजमापात थोडी थरथर असतेच. सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांपलीकडे गेलेलं मोजमाप म्हणजे बिघाड, असं ठरवलं, तर थरथर नेहमीच्या घंटाकृती वितरणाची असताना निरोगी यंत्राचीही ०.२७ टक्के मोजमापं त्या रेषेबाहेर पडतात. सेकंदाला १००० मोजमापं घेतली, तर एका सांध्यामागे सेकंदाला सरासरी २.७ खोट्या सूचना. सहा सांध्यांच्या मिळून सुमारे १६. असा गजर कामगार पहिल्याच शिफ्टला बंद करून ठेवतो आणि त्यात त्याची चूक नसते. यावरचा एक जुना आणि भक्कम उपाय ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ई. एस. पेज यांनी १९५४ साली मांडला. त्यात एकेका मोजमापावर निर्णय न घेता एकाच दिशेनं होणाऱ्या छोट्या छोट्या फरकांची बेरीज ठेवतात. थरथर दोन्ही बाजूंना होत असल्यानं तिची बेरीज फारशी वाढत नाही. झीज मात्र एकाच बाजूला ढकलते, म्हणून तिची वाढत जाते.

जास्त सेन्सर लावले म्हणजे जास्त खात्री, हाही समज तपासून पाहावा. सेन्सर आणि त्याची तारही बिघडते. कारखान्यांत ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल वापरतात, त्यामागचं एक कारण हेच: शून्य मोजमापालाही ४ मिलिअँपिअर वाहत असल्यानं तार तुटली की खरं शून्य येतं आणि दोष लगेच ओळखू येतो. उलट, विद्यार्थी प्रकल्पांत वापरल्या जाणाऱ्या स्वस्त हॉबी सर्व्होला तीनच तारा असतात: वीज, ग्राउंड आणि आदेश. हात प्रत्यक्ष कुठं पोचला, हे परत कळवणारी तारच नसते. अशा प्रकल्पातलं सॉफ्टवेअर दिलेल्या आदेशालाच प्रत्यक्ष स्थिती समजून चालतं.

सगळ्यांत धोक्याचा गैरसमज म्हणजे हे सॉफ्टवेअर माणसाचं रक्षण करील. थेरॅक-२५ या कॅनेडियन किरणोपचार यंत्रानं १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग दिला. त्यातून मृत्यू झाले. आधीच्या मॉडेलमध्ये असलेले स्वतंत्र हार्डवेअर अडसर काढून सुरक्षेचा भार सॉफ्टवेअरवर टाकला होता. काही अपघातांत पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढंच उमटलं; त्याचा अर्थ ऑपरेटरच्या पुस्तिकेत समजावलेला नव्हता. रोबोट रचणाऱ्या प्रत्येकानं ही घटना मुळातून वाचावी. औद्योगिक रोबोटसाठीचं आयएसओ १०२१८ हे मानक सुरक्षेच्या साखळीवर स्वतंत्र आणि कडक अटी घालतं. माणूस जवळ उभा राहून हाताला हालचाल शिकवत असताना वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या आत ठेवावा लागतो. झीज ओळखणारा प्रोग्रॅम बंद पडला, तरी इमर्जन्सी स्टॉपचं बटण चाललंच पाहिजे.

माणसांच्या शेजारी काम करणारे कोबॉटही आपोआप सुरक्षित ठरत नाहीत. बजाज ऑटोनं २०१० पासून असे हात वापरात आणले. धक्का लागताच ते थांबतात, हे खरं. पण त्यांच्या पंज्यात धारदार पत्रा असेल, तर हलका धक्काही कापतो. सुरक्षित ठरवायचं असतं ते पूर्ण काम, नुसता हात नव्हे.

आणि थांबणं म्हणजेच सुरक्षित असणं, असंही नाही. वीज गेली आणि ब्रेक झिजलेला असेल, तर वजन उचललेला हात खाली येतो. पुण्याजवळ दिघीच्या डीआरडीओ प्रयोगशाळेत घडवलेल्या ‘दक्ष’सारख्या बॉम्बनाशक रोबोटच्या पंज्यात संशयित वस्तू असताना संपर्क तुटला, तर पकड सोडायची की धरून ठेवायची, याचं उत्तर रचनेच्या वेळीच द्यावं लागतं.

राहता राहिला एआय सगळं आपोआप ओळखील हा समज. एआय शिकतं उदाहरणांवरून, आणि चांगला रोबोट क्वचितच बिघडत असल्यानं बिघाडाची उदाहरणं थोडी असतात. निरोगी चाल आधी नीट नोंदवणं आणि तिच्यापासूनचं अंतर मोजणं, इथूनच सुरुवात करावी लागते.

हे काम केवळ मोठ्या कारखान्यांचं राहिलेलं नाही. पुण्याच्या टाल कंपनीनं २०१७ साली ‘ब्राबो’ हा देशी रोबोट ५ ते ७ लाख रुपयांच्या घरात आणला, तो लघुउद्योग नजरेसमोर ठेवूनच. शेगाव-खामगावच्या विद्यार्थ्यांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात प्रत्येक सांध्याला करंट आणि कोन मोजणारे सेन्सर जोडावेत, आठवडाभराची निरोगी चाल नोंदवावी आणि मग मुद्दाम स्क्रू सैल करावा, वजन वाढवावं, चालत्या हाताच्या सेन्सरची तार उपसावी. यातला प्रत्येक दोष प्रोग्रॅमनं नावानिशी ओळखला आणि पुढं काय करायचं ते साध्या मराठीत पडद्यावर सांगितलं, तरच त्याची चाचणी झाली असं मानावं.