आंघोळीच्या पाण्याचा हिशेब

ग्वाल्हेरची थंडी पडली की घरोघरी एकच वाद: रॉड स्वस्त की गॅस? यंदा आम्ही मुलांना घेऊन हिशेबच मांडला.

२० लिटरची बादली १५ अंशांवरून ४० वर न्यायला ५०० किलोकॅलरी लागतात. विजेचे एक युनिट ८६० देते आणि रॉड पाण्यातच बुडालेला, त्यामुळे वाया फारसे जात नाही. बादलीला साधारण ०.६ युनिट. एक किलो गॅस सुमारे ११,००० देतो खरा, पण त्यातली चाळीसेक टक्के उष्णता पातेल्याच्या कडेने निघून जाते. म्हणजे बादलीला ७५ ग्रॅम, १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १९० बादल्या. युनिट ७ रुपये व सिलिंडर ९०० धरला, तर रॉड सव्वाचार, गॅस पावणेपाच. आपापले दर घालून पाहावेत. बंबाचे गणित काही जमले नाही. लाकूड ओले निघाले की सगळा हिशेब धुरात!

कोळशाची शेगडी खोलीत ठेवून निजणे मात्र आम्ही स्वस्तात धरलेच नाही. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, झोपलेल्याला कळतही नाही. न्हाणीघरातल्या गॅस गिझरचेही तेच, झरोका उघडा हवाच. आणि रॉडचे बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये.